पाणीपुरीएवढ्या कोरफडीची सोयरीक

आमच्या बेव्हर्ली पार्कातल्या इमारतीत फिरून आलेली माणसं फार. तिसऱ्या मजल्यावरचे सबनीस स्वित्झर्लंडहून आले, तेव्हा लिफ्ट तळमजल्यावरून आमच्या सातव्या मजल्यावर पोचेपर्यंत, स्वतःचा मजला सोडून, त्यांनी मला अख्खा आल्प्स ऐकवला होता. मी मुकाट ऐकून घेतला, कारण माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

आता आहे. मी हाटकेश, काशीमीरा आणि उत्तन असा तीन दिवसांचा प्रवास करून आलोय. येताना जे घेऊन आलो ते चिमूटभरही नव्हतं, पण सबनीसांच्या दोन्ही सुटकेसा उलट्या केल्या तरी तसलं काही निघायचं नाही. हा प्रवास मीरा-भाईंदरच्या बाहेरच्यांनी सोडाच, आतल्यांनीही केलेला नाही. म्हणून सविस्तर सांगतो.

निघण्याआधी, बेव्हर्ली पार्क

आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये एक कोरफड राहते. कोरफड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर तोंडाला गर चोळायची, हातभर पानांची दांडगी बाई आली असेल, तर तिला बाजूला करा. आमची कोरफड पाणीपुरीतल्या पुरीएवढी आहे. पानं करंगळीच्या दोन पेरांपेक्षा मोठी नाहीत, आणि त्यांच्यावर पांढऱ्या बारीक पुटकुळ्या अशा, की सुरमईचे तुकडे रव्यात घोळवून तळायला ठेवलेत असं वाटावं. तिचं शास्त्रीय नाव तिच्यापेक्षा लांब आहे. मूळ गाव मादागास्कर. तिथे चुनखडीच्या कड्यांच्या फटींत, जिथे मूठभरही माती नसते, तिथे ती राहते, आणि जगात आपणहून उगवलेली अशी फक्त तिथेच सापडते. दुर्मीळ म्हणजे किती दुर्मीळ, तर तिला रानातून उचलून विकायला बंदी आहे. आमची एका प्रदर्शनातून, रोपवाटिकेत वाढवलेली म्हणून, रीतसर घेतलेली.

तिची मालकीण म्हणजे माझी बायको अनुराधा. ती कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मी विमा कंपनीत नोकरी करतो आणि हौशी नाटकांतून कामं करतो. माझा आवाज आणि माझं पोट पाहून मला कायम वधूपित्याचीच भूमिका देतात. हे लक्षात ठेवा.

अनुराधाला या कोरफडीचं बी हवं होतं. बरीच वर्षं हवं होतं. कोरफडीला शेजारी पिल्लं फुटत, अनुराधा ती वेगळी काढून वाढवी. फुलांचा तुरा आला की शून्य नंबरच्या ब्रशाने पराग एकीचा दुसरीला लावी. फुलं वाळून गळून पडत. शेंग म्हणून धरत नसे.

"का गं धरत नाही?" मी एकदा विचारलं. "आई आहे, मुली आहेत, एवढं घर भरलंय."

"अहो, पिल्लू म्हणजे बाळ नव्हे. पिल्लू म्हणजे तीच. तीच ती, शेजारी जाऊन बसलेली. स्वतःचा पराग ही घेत नाही."

"म्हणजे सगोत्र."

"सगोत्र काय घेऊन बसलात! स्वतःशीच लग्न आहे ते."

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या घरांतली पिल्लं एकामागून एक बुडाशी काळी पडून गेली. एकीला जी बुरशी मारते ती सगळ्यांना मारते, कारण सगळ्या एकच. आणि या थंडीत आमच्या मूळ झाडाच्या बुडाशी तसाच काळा ठिपका दिसला. त्याच आठवड्यात तिला तुराही आला. अनुराधा बाथरूममध्ये घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला, तोही त्याच आठवड्यात.

"हिला परकं स्थळ पाहिजे," पाय स्टुलावर ठेवून ती म्हणाली. "दुसऱ्या बियातून आलेलं झाड, आणि तेही आत्ता फुललेलं. तुऱ्यावरची फुलं खालून वर उमलत जातात. आता टोकाच्या थोड्याच कळ्या उरल्यात. त्या संपल्या की संपलं. पुढच्या वर्षी ही असेल की नाही, मला सांगता येत नाही."

आवाज कोरडा होता, पण मी पंचवीसेक वर्षं हा आवाज ऐकतोय. मी उभा राहिलो, उजवा हात छातीवर ठेवला आणि म्हणालो, "मुलीच्या बापाने घराबाहेर पडायची वेळ झाली आहे."

"आधी ब्रश घ्या," ती म्हणाली.

ब्रश घेतला. पराग आणायला तिने तिचा जुना पितळी कुंकवाचा करंडा धुऊन, पुसून, उन्हात वाळवून दिला. तिच्या बागवाल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर तिने झाडाचा फोटो टाकून विचारलं होतं, असं फुललेलं कोणाकडे आहे का? दोन पत्ते आले. मी ऑफिसात रजा टाकली. कारण लिहिलं, घरगुती कार्य.

शुक्रवार, हाटकेश

हाटकेशला कारखान्यांच्या गाळ्यांना लागून असलेल्या एका सोसायटीत सुनील गायकवाड राहतात. मूळचे परभणीकडचे, बँकेत नोकरीला. दार उघडताच म्हणाले, "या या, तुम्हीच ना कोरफडवाले? शोभा, मुलीकडचे आले गं!" मी मुलीचा बाप, हे माझं म्हणणं त्यांनी फोनवरच उचलून धरलं होतं. मला माणूस आवडला.

झाड बाल्कनीत होतं, निळ्या चिनीमातीच्या कुंडीत, तजेलदार, तुऱ्यावर शेंदरी फुलं. फूल शेंगदाण्याच्या दाण्याहून लहान, तोंडाशी आवळलेल्या सुगडासारखं. मी खिशातून ब्रश काढला, तर शोभाताईंनी पुढ्यात ताट ठेवलं. "आधी खा. झाड कुठं पळून जात नाही."

ताटात धपाटे होते. आम्ही मालवणकडचे. आमच्याकडे पाहुणा आला की नारळ फुटतो. यांच्याकडे ज्वारीच्या पिठात तीळ पडतात, वर दही आणि शेंगदाण्याची चटणी. तिसरा धपाटा संपवताना मी मनाशी ठरवलं की हे स्थळ जमलं नाही तरी हा संबंध तोडायचा नाही.

"झाड कुठून आणलं म्हणालात?" मी तोंड पुसत विचारलं.

"बेंगलोरचं आहे," गायकवाड अभिमानाने म्हणाले. "आमच्या सायबांनी दिलं."

बेंगलोर! मी अनुराधाला फोन लावला. ती म्हणाली, "साहेबांना विचारा, त्यांनी कुठून आणलं."

गायकवाडांनी त्यांच्या फोनवरून साहेबांना गाठून स्पीकर लावला. साहेब म्हणाले, बेंगलोर वगैरे काही नाही, मेव्हणीने दिलं. मेव्हणी म्हणाली, भिशीतल्या कुलकर्णी वहिनींनी दिलं. आता कुलकर्णी वहिनी फोनवर आल्या. "अगंबाई, ते होय? बेव्हर्ली पार्कात त्या जीवशास्त्राच्या मॅडम नाहीत का, पेडणेकर? त्यांच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण ते! सगळ्या बाया प्लास्टिकचे डबे वाटतात, आणि ह्यांनी कोरफडी वाटल्या."

माझ्या फोनवर पलीकडून अनुराधाचा फक्त एक श्वास ऐकू आला.

मग गायकवाड इतके हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली. "म्हणजे तुम्ही तुमच्याच मुलीला मागणी घालायला आलात की हो!"

"आमच्यात हळदीकुंकू करत नाहीत," शोभाताई म्हणाल्या, "आणि बघा, तुमचं वाण आमच्याच घरात निघालं."

मी ब्रश परत खिशात ठेवला. चौथा धपाटा मात्र खाल्ला.

शनिवार, काशीमीरा

काशीमीऱ्याला हायवे ओलांडणं ज्याने केलंय, त्याला आल्प्स सांगू नये. एका बाजूने कंटेनर, दुसऱ्या बाजूने बसेस, मधून रिक्षा, आणि मध्ये मी, हातात करंडा. पलीकडे पोचलो तेव्हा एका रिक्षावाल्याने आपणहून नमस्कार केला.

गॅरेजांच्या रांगेत शेट्टी अण्णांचं हॉटेल आहे. गल्ल्यावर देवाच्या तसबिरीखाली, बडीशेपेच्या वाटीशेजारी, ती बसली होती. तुऱ्याला खालची फुलं, वर कळ्या.

मी जवळ वाकलो, तोच अण्णा गरजले, "हात मत लगाना साब! फॉरेन का प्लांट है."

"कुठलं फॉरेन?"

"वो मालूम नहीं. लेकिन कंपनी का माल है. नाव पण आहे खाली, बघा ना."

त्यांनी कुंडी उचलून माझ्यासमोर धरली. कुंडी नव्हे ती, स्टीलची वाटी होती. तळाला भोकं होती, आणि ती भोकं मी ओळखली, कारण हाटकेशच्या एका गाळ्यात तासभर उभं राहून मीच ती पाडून आणली होती. काठावर भांड्यावर घालतात तसं नाव घातलं होतं: सौ. अनुराधा पेडणेकर.

"बहोत बडी कंपनी है," अण्णा म्हणाले.

"मला माहीत आहे," मी म्हणालो. "मी तिथेच कामाला आहे."

मग मी त्यांना सगळं खरं सांगितलं. अण्णांच्या बायकोला शेजारणीकडून ती मिळाली होती, शेजारणीला आमच्याकडून. अण्णांनी कपाळावर हात मारला, मग माझ्यासाठी सुरमई थाळी मागवली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. तिकडे सोलकढी नारळाची, पण कोकम कमी. आमच्याकडे असती तर मी बोललो असतो. पाहुणा होतो, प्यालो.

घरी फोन केला. अनुराधा म्हणाली, "आपण गावभर एकच झाड वाटलं हो." एवढंच म्हणाली. तिला त्या वाणाचा केवढा अभिमान होता, ते मला ठाऊक होतं. प्लास्टिक नको, जिवंत काहीतरी द्यावं, म्हणून दर वर्षी पिल्लं वाढवायची आणि वाटायची. आता शहरभर जिथे म्हणून स्थळ बघायला जावं, तिथे आमचीच मुलगी दार उघडत होती.

"कळ्या किती उरल्यात?" मी विचारलं.

"शेवटचं फूल आज उमललं. आज त्याचा पराग पडेल. उद्या कुक्षी, पराग घेणारं टोक, बाहेर येईल. उद्याचा दिवस."

मी सुरमईकडे बघत बसलो. अण्णांनी ते पाहिलं आणि त्यांना एकदम काही आठवलं. "साब, ये मच्छी देती है ना, उत्तनची मार्था मावशी, ती ह्या झाडाला बघून हसते. बोलती है, माझ्याकडे पण हाय."

"तिला कोणी हळदीकुंकवाला बोलावलं होतं का?"

"अरे साब, वो तो चर्च जाती है!"

मी उरलेली सुरमई उभ्यानेच खाल्ली.

रविवार, उत्तन

भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडली की थोड्याच वेळात शहर दमल्यासारखं मागे पडतं. मिठागरांचे चौकोन लागतात, पांढरे ढीग लागतात, मग मुर्धा, राई ही गावं, भाजीचे वाफे, आणि अचानक वाऱ्याला वास येतो. उत्तनला बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने. घरं निळी, गुलाबी, पिवळी. प्रत्येक दारात कुंडी. सबनीसांनी दाखवलेल्या फोटोंत अशीच घरं होती, फक्त बोंबील नव्हते. तेवढी स्वित्झर्लंडची गरिबी.

मार्था मावशी नुकत्याच प्रार्थनेहून आल्या होत्या. जरीकाठाचं लुगडं, कानात जड सोनं. मी माझं नाव सांगितलं, काम सांगितलं, करंडा दाखवला.

"कुंकू आनलास काय माज्यासाटी?" त्या खळखळून हसल्या. "बस, बस. पायरीवर बस."

झाड पायरीवरच होतं, शिंपल्यांच्या चुऱ्यात लावलेलं. जरा हिरवं जास्त, पानं किंचित रुंद, पुटकुळ्या विरळ. तुरा ऐन भरात. माझा हात ब्रशाकडे गेला. पण दोनदा तोंडावर आपटलेला माणूस सावध होतो.

"मावशी, हे कुठून आलं?"

"पोरीनं आनला, पुन्यावरनं. नर्स हाय ती."

"आणि तिला कोणी दिलं?"

"तिच्या घरमालकानं. म्हाताऱ्याला नाद हाय. त्यानं बी पेरून केला हाय ह्यो."

"बी पेरून? नक्की?"

"मंग काय खोटं बोलते? थांब, पोरीलाच इचार."

पोरीने फोनवर सांगितलं की हो, घरमालकांनी बिया परदेशातून रीतसर मागवल्या होत्या, तिच्यासमोर कुंडीत पेरल्या होत्या. मी फोनवरच तिला आशीर्वाद दिला. ती गोंधळली.

आता अनुराधा फोनवर आली, व्हिडिओवर, भिंग लावून. "आजच उमललेलं फूल शोधा. केसर बाहेर आलेत का? पिवळी भुकटी दिसते का? ब्रश हलक्या हाताने फिरवा. फुंकू नका. शिंकू नका. आणि अहो, बोलू नका."

पहिले दोन 'नका' सोपे वाटले.

मी ब्रश फिरवला. हळदीसारखी पिवळी भुकटी केसांना चिकटली. मी श्वास रोखून ती करंड्यात झटकली. तेवढ्यात मांडवाकडून वारा आला, मिरचीच्या वाटणाचा ठसका घेऊन आला, आणि मला शिंक आली. एवढी वर्षं रंगभूमीवर काढली, पण शिंक गिळण्याचा अभिनय मी त्या दिवशी केला तसा कधी केला नव्हता. डोळ्यांतून पाणी आलं. मार्था मावशींनी पदराने करंडा झाकला.

"आता माज्या झाडाला काय?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तू आमचा नेतोस. आमच्या फुलाला कोन हाय?"

प्रश्न शास्त्रशुद्ध होता. कोरफडीच्या फुलात दोन्ही असतं, आज नर, उद्या मादी. तिकडची मुलगी, तसाच तिकडचा मुलगाही. त्यांनाही बी हवं असणार. साटंलोटं हवं होतं, आणि मी रिकाम्या हाताने आलो होतो.

फोनवरून अनुराधा हसत म्हणाली, "हाटकेशला आहे ना आपलीच! गायकवाडांच्या झाडावर अजून फुलं आहेत."

तशी बोलणी झाली. मावशींनी बोंबील तळून वाढले, साक्षीला.

परतीच्या बसमध्ये मी करंडा तळहातावर धरून बसलो. खिशात घाम, पिशवीत हेलकावे. कंडक्टरने विचारलं, "काका, काय आहे डबीत?"

"नवरदेव."

त्याने माझ्याकडे पाहिलं, करंड्याकडे पाहिलं, आणि पुढच्या सीटवरच्याला म्हणाला, "भाऊ, खिडकी लावा जरा. यांच्याकडे कार्य आहे."

घरी पोचलो तेव्हा अनुराधा प्लास्टरचा पाय लांब करून खिडकीशी बसली होती. शेवटच्या फुलातून कुक्षी डोकावत होती, आणि टोकाला चिकट थेंब चमकत होता. मादागास्करला हे काम बहुधा शिंजिरासारखा एखादा छोटा पक्षी करतो, चोच बुडवून. इथे तिने ब्रश बुडवला, करंड्यात, मग थेंबावर. एकदाच. मी एक शब्दही बोललो नाही. तिने वर पाहून विचारलं, "बरं आहे ना तुम्हाला?"

परतल्यावर

दुसऱ्या दिवशी गायकवाड पतिपत्नी स्वतःच्या स्कूटरवरून उत्तनला गेले, आमच्या बाजूचा पराग घेऊन. शोभाताईंनी धपाटे बांधून नेले होते. मला नेलं नाही. म्हणाले, स्कूटरवर जागा नाही.

आमच्या शेवटच्या फुलाची पाकळी वाळली, पण फूल गळलं नाही. त्याच्या बुडाशी हिरवी गाठ फुगली, तीन कप्प्यांची, बोराच्या बीएवढी. अनुराधाने तिला मलमलीचा तुकडा बांधला, कारण शेंग तडकली की करड्या, पंखवाल्या बिया उडून जातात. शेंग तडकली तेव्हा तिने त्या ताटलीत मांडल्या आणि बराच वेळ नुसती बघत बसली. मग पेरल्या.

मूळ झाड पावसाळ्यात गेलं. काळा ठिपका वर चढला आणि एका सकाळी पानं हातात आली. अनुराधाने त्याची वाटी धुतली, पुसली, उपडी घातली. त्याच पावसाळ्यात हाटकेशचंही गेलं, काशीमीऱ्याचंही. पण ग्रिलमधली गवताच्या पात्याएवढी रोपं उभी होती. काही कुजली, सगळी नाही. आणि ते "सगळी नाही" म्हणतानाचा अनुराधाचा चेहरा मी तुम्हाला कुठल्याही किमतीला दाखवणार नाही, तो माझा आहे.

या संक्रांतीला वाटीत पुन्हा कोरफड आली. गायकवाडांकडे एक गेली, कुंकवाशिवाय. शेट्टी अण्णांकडे एक गेली. त्यांना सांगितलं, कंपनीने नवं मॉडेल काढलंय. अनुराधा यंदा वर्गात परागीभवनाची साधनं शिकवताना म्हणाली म्हणे: वारा, पाणी, कीटक, पक्षी आणि आमचे हे. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कारकिर्दीतल्या त्या सर्वांत मोठ्या, आणि मी तिथे नव्हतो.

मार्था मावशी आमच्या घरी आल्या, त्यांच्या शेंगेतलं एक रोप घेऊन. दोन्ही रोपं टेबलावर शेजारी ठेवली. मावशींनी डोळे बारीक केले.

"ह्यो आमच्यावर गेलाय. पान बघ, रुंद हाय."

"पान असेल," अनुराधा म्हणाली, "पण पुटकुळ्या बघा. दाट आहेत. आमच्याच."

"कुटं दाट? डोले दाकव डाक्टरला."

"मावशी, मी वीस वर्षं शिकवतेय."

"आनि मी काय झाड बघितलाच न्हाय?"

मी चहा ठेवायला आत गेलो. इतकी वर्षं आमच्या ग्रिलमध्ये कोरफडी आल्या आणि गेल्या, पण कोणावर गेली हे विचारायची सोयच नव्हती. चहाला तीन उकळ्या आल्या, तरी बाहेर भांडण चालूच होतं. मी गॅस बारीक केला आणि आणखी थोडा वेळ ऐकत उभा राहिलो.